दोडक्याला पिशवी, वांग्याला कात्री

साताऱ्याजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरामागे अर्ध्या गुंठ्याचा परस. मिरचीची पानं आकसली आहेत. भेंडीच्या दोन झाडांच्या शिरा पिवळ्या पडल्या आहेत. वांगं चिरलं की अळी निघते. दोडकी बोटभर झाली की वाकडी होतात आणि सडतात. चवळीचे शेंडे काळ्या माव्याने भरलेत. कडुनिंबाचं तेल तीनदा फवारून झालं, फरक नाही. घरात दोन वर्षांची नात आहे आणि ती दिवसभर बागेतच असते, त्यामुळे विषारी औषध आणायचं नाही. ‘आता दुसरं कोणतं घरगुती औषध मारू?’

ताई, तुम्ही औषध विचारलंत, पण तुमच्या पाच तक्रारींपैकी तीन ठिकाणी फवारा पोचतच नाही. वांग्याची अळी वांग्याच्या आत आहे, दोडक्याची दोडक्याच्या आत, आणि भेंडीचा रोग झाडाच्या रसात भिनला आहे. वरून तेल मारा नाहीतर आणखी काही, ते पानावरच राहणार. मी बावीस वर्षं परसबाग करते आहे आणि पहिली चार-पाच वर्षं मीही पंप घेऊनच फिरत होते. फरक पडला तो किडींचं आयुष्य कळायला लागल्यावर. प्रत्येक कीड कधीतरी उघड्यावर येते, किंवा एका जागी अडकून बसते. ती वेळ आपल्याला ठाऊक असली की निम्मं काम नुसत्या हाताने होतं.

दोडक्यापासून सुरुवात करू, कारण तिथे या आठवड्यातच फरक दिसेल. तुमच्याकडे फळमाशी आहे. घरातल्या माशीपेक्षा थोडी लहान, तांबूस-पिवळसर, गांधीलमाशीच्या ठेवणीची. मादी कोवळ्या फळाच्या सालीत टोक खुपसून आत अंडी घालते. टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो. तेवढ्या बाजूची वाढ खुंटते म्हणून फळ तिकडे वाकतं. आतल्या अळ्या गर खातात, फळ सडून गळतं, अळी त्यातून निघून जमिनीत शिरते आणि मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत कोष करते. आठवड्या-दीड आठवड्यात त्यातून नवी माशी बाहेर पडते. म्हणजे मांडवाखाली पडलेलं प्रत्येक सडकं दोडकं ही पुढच्या पिढीची खोली आहे.

उपाय पिशवीचा. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. पाकळ्या सुकल्या आणि मागचं फळ हिरवं राहून लांबायला लागलं, म्हणजे फळ धरलं. त्याच दिवशी त्यावर पिशवी चढवायची. जुन्या साडीची नाहीतर मलमलीची लांब पिशवी शिवून घ्या, पाऊस नसेल तर वर्तमानपत्राची नळी करून खालचं टोक दुमडून टाचलं तरी चालतं. देठाशी सैलसर दोरा बांधा, पण फट ठेवू नका. प्लॅस्टिक वापरू नका, आत घाम धरतो आणि फळ कुजतं. दोन दिवस उशीर झाला तर माशी आधीच टोचून गेलेली असते आणि आपण पिशवीत अळीच सांभाळत बसतो. कारल्यालाही हेच. दुधीला मोठी पिशवी लागते, एवढाच फरक.

गळालेली आणि वाकडी फळं रोज उचला. ती शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, आणि वरवर माती ओढून पुरूही नका, माश्या त्यातून वर येतात. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवा. मांडवाखालची माती आठवड्याला एकदा खुरप्याने हलवा. कोष उघडे पडतात, ते मुंग्या आणि साळुंक्या टिपतात. शेजारी कोंबड्या असतील तर तासभर मांडवाखाली सोडायला सांगा. त्यांच्यासारखी मेहनत आपल्याच्याने होत नाही.

सापळा लावणार असाल तर दुकानात नीट विचारून घ्या. आंबा-पेरूच्या फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉल हे आमिष असतं, वेलवर्गीय भाज्यांच्या माशीसाठी क्यू-ल्युअर. दोन्हींचे सापळे दिसायला सारखेच असतात. मला एकदा दुकानातून पहिल्या प्रकारचं आमिष मिळालं आणि मी दोन महिने कारल्याच्या मांडवावर ते टांगून ठेवलं. सापळ्यात माश्या पडत होत्या, म्हणून मी समाधानात होते, आणि कारली सडतच होती. शेजारच्या पेरूच्या माश्या गोळा होत होत्या. सापळा बरोबर असला तरी त्यात फक्त नर अडकतात, तेव्हा पिशव्या सोडायच्या नाहीत.

आता वांगं. वांग्याला बाहेर जे गोल भोक दिसतं ते अळी आत शिरल्याचं नसतं. ती आत जाते देठाच्या टोपीखालून, अगदी बारीक असताना, आणि ती जागा पुढे भरून येते. आपल्याला दिसतं ते बाहेर पडल्याचं भोक. म्हणजे भोक पाहून आपण पंप उचलतो तेव्हा ती बहुतेक वेळा खाऊनपिऊन निघून गेलेली असते आणि खालच्या पालापाचोळ्यात कोषात बसलेली असते.

तिला पकडायची जागा शेंडा. झाडाला फळं नसतात तेव्हा ही अळी कोवळ्या शेंड्यात राहते. भर ओलाव्यातही एखादाच शेंडा मान टाकून लोंबतो. पुष्कळजण पाणी कमी पडलं समजून पाणी घालतात. तसा शेंडा दिसला की सुकलेल्या भागाच्या इंचभर खालून कात्रीने कापा आणि उभा चिरून पाहा, आत फिकट गुलाबी अळी आणि तिची विष्ठा दिसेल. कापलेले शेंडे साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. लागवडीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हे दर आठवड्याला न चुकता करायचं, फुलं येण्याआधी तर नक्कीच. पंधरा-वीस झाडांना दहा मिनिटंही लागत नाहीत. त्या वेळी कापलेला एक शेंडा पुढची कितीतरी वांगी वाचवतो. किडकी वांगीही झाडावर ठेवू नका, आणि झाडाखालचा पाला झाडून घ्या. बाजारात या अळीचे कामगंध सापळे मिळतात, ते मादीच्या वासाने नराला ओढतात. मोठ्या वावरात त्यांचा उपयोग आहे, पण आपल्या वीस झाडांत शेजारच्या रानातली, आधीच नराशी जुळलेली मादी उडत येते, तिला सापळा काय करणार? तुमची वांगी गेल्या वर्षीची, खोडवा धरलेली असतील तर मन घट्ट करून उपटा. अशा जुन्या झाडांवर अळीची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असते, आणि नवी रोपं शेजारी लावली की ती आयती तिकडे जाते.

भेंडीच्या त्या दोन झाडांसाठी काहीच करता येणार नाही, हे स्पष्ट सांगते. शिरा पिवळ्याजर्द आणि मधलं पान हिरवं, हा हळद्या. तो विषाणू आहे आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. आजच उपटा. पानांखाली पांढऱ्या माश्या असतील तर झाड हलवल्याबरोबर उडतील, म्हणून सकाळी लवकर, त्या गारठ्याने सुस्त असताना, हलक्या हाताने उपटून थेट पिशवीत घाला. उरलेल्या भेंडीत पिवळे चिकट सापळे लावा. पिवळ्या रंगाचा डबा नाहीतर पत्रा, त्यावर एरंडेल तेलाचा हात, झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर. मावा खाणारे ढालकिडेही (लेडीबर्ड) त्याला चिकटतात, म्हणून माश्या कमी झाल्या की सापळा काढून ठेवा. पुढच्या वेळी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका लावून पाहा. दोन्ही वाण हळद्याला दाद न देणारे म्हणून काढलेले आहेत, आता पूर्वीइतका दम सगळीकडे राहिलेला नाही, पण गावठी बियाण्यापेक्षा बरे टिकतात.

मिरचीसाठी मला एक गोष्ट हवी होती, ती तुम्ही लिहिलेली नाही. पान वळलंय कोणत्या बाजूला? कडा वर उचलून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी घातल्यासारखी दिसत असेल आणि देठ लांबले असतील तर कोळी, जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा. दोन्हींना आपण सरसकट चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतो आणि एकच औषध मारतो. शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंड्याला टिचकी मारा. तांदळाच्या कणीहून बारीक, लांबट, तुरुतुरु पळणारे पिवळसर किडे पडले तर ते फुलकिडे. कोळी इतका बारीक असतो की त्याला भिंग लागतं.

फुलकिडे असतील तर निळे चिकट सापळे लावा, त्यांना निळा रंग ओढतो. त्यांची एक अवस्था मातीत जाते, म्हणून खोडाभोवती वाळल्या पाल्याचं जाड आच्छादन द्या. आणि निंबोळी अर्काच्या फवारण्या, त्यांचं पुढे सांगते. कोळी असेल तर आकसलेले शेंडे छाटून पिशवीत घाला. एवढ्याने भागलं नाही तर पाण्यात विरघळणारं गंधक हे सेंद्रिय शेतीतही मान्य असलेलं औषध आहे, पाकिटावरच्या प्रमाणाने, उन्हं उतरल्यावर. कडुनिंबाचं तेल मारून दोन आठवडे झाले नसतील तर गंधक मारू नका, पानं करपतात. तुम्ही तेल तीनदा मारलंय, तेव्हा तारीख मोजा. वेलभाज्यांवर तर गंधक नकोच. पानं आकसण्याबरोबर लहान राहिली असतील, पिवळट झाली असतील आणि झाड खुजं राहिलं असेल तर तोही विषाणूच, ते झाड भेंडीच्या मागोमाग उपटायचं.

चवळीवरच्या माव्याने लोक सर्वांत जास्त घाबरतात. मला त्याची सर्वांत कमी भीती वाटते. माव्याची मादी नराशिवाय पिल्लं देते, अंडी नाही, थेट जिवंत पिल्लं, आणि ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः पिल्लं द्यायला लागतात. म्हणून सोमवारी दहा दिसले तर रविवारी शेंडा काळा. पण याच वेगाने त्याला खाणारेही जमतात, जर आपण त्यांना जगू दिलं तर.

फवारण्याआधी शेंडा डोळ्यांजवळ घ्या. माव्यात एखादा सेंटिमीटरभर लांब, काळपट, पाठीवर नारिंगी ठिपके असलेला, सुसरीच्या पिल्लासारखा किडा फिरताना दिसला तर तो ढालकिड्याचा पोर आहे. लाल-नारिंगी ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो, हे पोर मात्र कीड समजून चिरडलं जातं. मोठं होईपर्यंत ते शेकडो मावे खातं. पारदर्शक, डोकं नसल्यासारखी हिरवट अळी दिसली तर ती सिरफिड माशीची, तीही माव्यावरच जगते. आणि काही मावे फुगून तपकिरी, कागदासारखे कोरडे झालेले असतील, तर त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय. तो शेंडा तोडू नका. त्या मेलेल्या माव्यांतून नवे शिकारी निघणार आहेत.

मित्रात एक शत्रू मात्र मिसळलेला आहे. वांग्याच्या पानावर ढालकिड्यासारखाच, पण अंगावर चकाकी नसलेला, बारीक लव असलेला, पुष्कळ काळ्या ठिपक्यांचा भुंगा असतो, आणि त्याची पोरं पिवळी काटेरी. हे पानाचा हिरवा थर खरवडून जाळी करतात. तो वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पानाच्या मागची पिवळ्या अंड्यांची पुंजकी नखाने काढताना थोडं थांबा, ढालकिड्याचीही तशीच असतात. माव्याशेजारी असतील तर राहू द्या, जाळी झालेल्या वांग्याच्या पानावर असतील तर काढा.

आता मुंग्या. मावा गोड चिकटा सोडतो, तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याच्या पोरांना हुसकावून लावतात. मावा महिनोन्‌महिने हटत नाही तिथे बहुधा मुंग्यांची रांग सापडते. चवळीच्या आधाराच्या काठीला खालून चार बोटं ग्रीसचा पट्टा द्या आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या उचलून बांधा. मग पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुवा. खाली पडलेल्या माव्यातले बरेचसे परत वर चढू शकत नाहीत. तीन दिवस लागोपाठ सकाळी धुतलं तर पुष्कळदा फवारणीची वेळच येत नाही. उरला तर अंगाच्या सौम्य साबणाचं किंवा रिठ्याचं पाणी, पण ते किड्याच्या अंगावर पडलं तरच काम करतं, वाळलं की संपलं. कपड्याच्या पावडरीचं पाणी नको, कोवळी पानं भाजतात.

चवळीला मावा इतका का आला, तेही बघा. शेणखत, स्लरी, जीवामृत सारखं सारखं दिलं की पानं काळीभोर आणि लुसलुशीत होतात, आणि रस शोषणारी कीड तिथेच येते. चवळी स्वतः मुळांच्या गाठींत नत्र धरते, तिला जास्तीचं खत लागत नाही. महिनाभर काही घालू नका.

कडुनिंबाबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचा त्यावरचा विश्वास उडालेला दिसतो आणि तो उडू नये असं मला वाटतं. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं की टोळांनी आजूबाजूचं हिरवं फस्त केलं, कडुनिंबाची झाडं तेवढी राहिली. पुढे त्यातल्या अझाडिरॅक्टिन या द्रव्यावर जगभर काम झालं. टोळ त्या झाडांखाली मरून पडले नव्हते, त्यांनी ती खाल्ली नाहीत, एवढंच. कडुनिंब असंच काम करतो. पान नकोसं होतं, खाल्लंच तर अळीला कात टाकता येत नाही, मादी अंडी घालायला बिचकते. फवारून दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधायला गेलात तर काही सापडणार नाही. चार-पाच दिवसांनी नवी पानं खाल्लेली आहेत का, ते पाहायचं.

घरचा निंबोळी अर्क तेलापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो. ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली निंबोळ्यांचा सडा असतो, तेव्हा पिकलेल्या वेचा, गर धुऊन काढा, सावलीत खडखडीत वाळवा आणि गोणपाटात ठेवा. डब्यात कोंबल्या तर बुरशी येते. फवारणीच्या आदल्या रात्री ५० ग्रॅम निंबोळ्या भरड कुटून लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी वस्त्रगाळ करा, चिमूटभर साबणाचा कीस मिसळा आणि त्याच संध्याकाळी संपवा. हा झाला ५ टक्क्यांचा अर्क. उन्हाने त्यातला गुण लवकर जातो, म्हणून संध्याकाळ. दर पाच-सात दिवसांनी, तीनदा. आणि फवारा पानाच्या खालून, कारण किडी तिथेच असतात. तीनदा मारून फरक नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी वरूनच मारलेलं असतं.

तेलच वापरायचं असेल तर लिटरला ५ मिली. आधी तेलात साबणाचं दाट पाणी घालून दुधासारखं होईपर्यंत घोटा, मग थोडं थोडं पाणी वाढवा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर फवारू नका. तो तवंग पानावर बसतो आणि जाळतो. वैशाखात भर दुपारी फवारून मी काकडीचा एक अख्खा वेल असाच घालवला आहे. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा.

नात बागेत खेळते म्हणून हे मुद्दाम लिहिते. तंबाखूचा काढा करू नका. घरगुती म्हणून तो सर्रास सुचवला जातो, पण निकोटीन हे जहालच विष आहे, ते कातडीतूनही अंगात जातं, शिवाय तंबाखूतला विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. दशपर्णी अर्कात रुई आणि कण्हेर पडतात, दोन्ही विषारी. शेतावर जाणत्या हाताने तो वापरला तर गोष्ट वेगळी, पण आज फवारून परवा तोडायच्या मेथी-पालकावर, पोरांच्या हाताशी, मला तो मान्य नाही. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक, असं धरून चालू नका. लसूण-मिरचीचं पाणी फवारलंत तर त्या दिवशी मुलीला बागेत सोडू नका, डोळ्यांची आग होते. पावसाळ्यात गोगलगायी निघत असतील तर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं बारदान संध्याकाळी वाफ्याशी पसरा. सकाळी त्याखाली जमलेल्या हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. नातीला त्या हाताळू देऊ नका, त्यांच्यातून माणसाला रोग होऊ शकतो.

रोज सकाळी चहाआधी दहा मिनिटं, एका हातात साबणाच्या पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताने पानं उलटून बघायची. आज मिरची, उद्या वांगी, परवा वेल. नातीला बरोबर घ्या, लहान मुलांची नजर खाली असते, पानामागची अंडी त्यांना आपल्याआधी दिसतात. कोथिंबीर, बडीशेप, मुळा यांची चार-चार झाडं तोडू नका, फुलू द्या. माव्यावर अंडी घालणाऱ्या त्या बारीक गांधीलमाश्या आणि सिरफिड माश्या याच फुलांवर जगतात. पहिल्या हंगामात नुकसान होईल, कारण मित्रकीटक जमायला वेळ लागतो. माझ्याकडे तिसऱ्या वर्षी चवळीला हात लावायची गरज उरली नाही.

दिवाळीनंतर कोबी-फ्लॉवर लावणार असाल तर रोपं लावायच्या पंधरा दिवस आधी वाफ्याच्या दोन्ही कडांना मोहरी पेरा, आणि लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी पुन्हा एक ओळ. ज्याच्या अळ्या कोबीच्या पानांची चाळण करतात तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग आधी मोहरीवर अंडी घालतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ही पद्धत शेतासाठी बसवली, परसातही ती चालते. टोमॅटोला तसाच उंच आफ्रिकन झेंडू. फक्त टोमॅटो लावताना झेंडूची रोपं दीड महिन्याची हवीत, दोघांना फुलं एकाच वेळी यायला हवीत. घाटेअळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो, त्या अळ्या तिथूनच वेचायच्या. तेव्हा झेंडूचं बी आत्ताच टाकून ठेवा, आणि दोडक्याच्या पिशव्या उद्या सकाळी शिवायला घ्या.